सुंदरीचे हात

शाळेत दुपारचा भात रांधता रांधता सुंदरीचे केस पिकायला लागले, तेव्हा कुठे तिने विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं मनावर घेतलं. तालुक्याच्या गावी, जोयड्याला जाऊन जाऊन शिक्षण पुरं केलं. आता परीक्षेचा एकच पाठ उरला होता. तो चुकला की परत चूल.

पाठ साधा होता. शाळेतल्या विशेष मुलांपैकी पूर्णिमाची बोटं मनाचं चटकन ऐकत नसत. तिने आपल्या हाताने भात वाढून घ्यायचा, आणि सुंदरीने मदतीला हात लावायचा नाही. मागच्या खेपेला इथंच घोटाळा झाला होता. पोर जरा अडली, की हिचा हात आपसूक भात वाढायच्या डावाकडे.

आज परीक्षक नागेश सर समोर बसले, तशी सुंदरी आपल्या दोन्ही हातांवरच बसली.

"आगे, मास्तरीण व्हायला अंडी उबवाय लागत्यात व्हय?" तिच्या जोडीने रांधणारी इंदुबाई दारातून म्हणाली.

"गप गे अक्का! हात सुटला तर संपलं माझं."

पूर्णिमाचा पहिला डाव जमिनीवर सांडला, दुसरा ताटाच्या कडेवर. सुंदरीचे खांदे हलले, हात मात्र जागचे हलले नाहीत.

"पातेलं जवळ ओढ की, बाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

पूर्णिमाने ओढलं. डावभर भात ताटात पडला. मग तिने दुसरं ताट घेतलं, तेही भरलं आणि सुंदरीपुढे सरकवलं.

"जेव!"

"आता काढू काय हात, सर?"

"काढा की! पास झालात. आणि न जेवता ही काही तुम्हाला उठू द्यायची नाही."