जावयाची सर्दी

मी संभाजी, पणदऱ्याचा. घरचा ऊस हाय, चार गाया हायत, आन तोंडावर बोलायची सवय हाय. पोटात एक आन ओठात एक हे आपल्याला जमत न्हाय, असं मी चारचौघात सांगत असतो. पण पंधरा वर्सं मी सासुरवाडीपासनं एक गोष्ट लपवून ठेवली व्हती, ती म्हंजी मला पवायला येत न्हाय.

ह्यात काय एवढं, असं तुमी म्हणाल. शहरातलं असाल तर म्हणा. आमच्याकडं उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच वर्सांचं पोर पाठीला रिकामा कॅन बांधून विहिरीत पडतं आन आठ-पंधरा दिसांत बिनकॅनचं पवतं. मी सहा वर्सांचा असताना गुरांच्या हौदात पडलो, नाकातोंडात पाणी गेलं, तवापासनं गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझं पाय लटलट कापत्यात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासुरवाडीची पोरं मला न्यायला आली. "चला दाजी, विहिरीवर मुटकं मारू." म्हंजी गुडघं पोटाशी घेऊन पाण्यात उड्या. मी म्हणलं, सर्दी झालीया. पुढच्या दिवाळीलाबी सर्दी झाली. मे महिन्यात गेलो तरी सर्दीच. माझ्या सासूबाई, सिंधुबाई, लगेच काढा करून आणायच्या. तो गिळायचा आन पलंगावर पडून राहायचं. पंधरा वर्सं अशी निभावली.

ह्या मे महिन्यात आमच्या पोरीनं, श्रेयानं, मोबाईलवर आमची दोघांची गोव्याची सहल ठरवून टाकली. "पप्पा, आईला बारामतीच्या पुढं कुठं नेलंय तुमी?" मी म्हणलं, नेलंय की, इंदापूरला. ती काय हसली न्हाय.

तर गेलो. तिथं भाड्यानं गाडी मिळती. मी मागितली बुलेट, त्यानं दिली गुलाबी स्कूटर. "हीच राहिली हाय," म्हणला. पणदऱ्यात कुणी बघितलं असतं तर वर्सभर चेष्टा झाली असती. पहिला दिवस समुद्र बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी खोलीवाल्या बाईनं माझ्या बायकोला, कौसल्याला, सांगितलं की आत डोंगराच्या बाजूला झरे हायत, डोह हायत, लोकं तिथं पवायला जात्यात, समुद्रासारखं खारट न्हाय, गोडं पाणी. कौसल्याचं तोंड असं खुललं की मला तवाच शंका यायला पायजे व्हती.

काजूच्या झाडांतनं, तांबड्या रस्त्यानं पहिल्या झऱ्यावर गेलो. दगडी कुंडासारखी जागा, वरनं पाणी पडतंय. कौसल्या काठावर बसली, पाय पाण्यात सोडलं. मी चपला आन मोबाईल सांभाळत लांब उभा. "या की," म्हणली. म्हणलं, मी हितंच बरा.

दुसरा डोह जरा मोठा व्हता. तिथं ती कमरंएवढ्या पाण्यात गेली. दोन कॉलेजची पोरं वरनं उड्या मारत व्हती. त्यांच्याकडं बघून म्हणली, "पाय वाकडं पडत्यात त्यांचं."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी इचारलं. ती पाण्यातनं बाहीर आली आन चपला मागितल्या.

तिसरा डोह नदीत व्हता. पाणी हिरवंगार, कडंला दीड पुरुष उंच खडक. दहा-पंधरा माणसं व्हती. कौसल्यानं ओढणी कमरंला गच्च आवळली, मंगळसूत्र उलटं फिरवून पाठीवर टाकलं, आन खडकावर चढायला लागली. मला वाटलं फोटो काढायला चढली. आगं पडशील, म्हणायला मी तोंड उघडलं, तवर तिनं सूर मारला. सरळ. पाणी उडालंबी न्हाय.

ती वर येईना. आता ओरडावं म्हणतोय, तर ती पार पल्याडच्या काठाला निघाली, केस मागं सारत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोन पोरांतला एक म्हणला, "काकू, परत एकदा मारा ना, व्हिडिओ काढतो." तर ही तीन येळा परत चढली. एकदा सूर, एकदा मुटका, आन एकदा मांडी घालून, बसल्यासारखी. आन हसत व्हती. असं हसताना मी तिला पंधरा वर्सांत बघितलं नव्हतं. श्रेया झाली तवाबी न्हाय.

खरं सांगतो, मला कवतिक वाटायला पायजे व्हतं. मी जळलो. त्या पोरांवर जळलो, टाळ्या वाजवणाऱ्यांवर जळलो, त्या पाण्यावरबी जळलो. ही बाई माझ्या घरात भाकरी थापती, गाया धुती, आन हिला असं काय येतं हे मला पंधरा वर्सांनी, परक्या लोकांसंगट कळलं. मी मात्र हातात तिच्या चपला घेऊन उभा.

ती बाहीर येऊन केस पिळायला लागली तवा मी इचारलं, "कुणी शिकवलं?"

तिचा हात थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग म्हणली, "लखननं."

"कोण लखन?"

"हाय आमच्या गावातला." आन केस पिळायला लागली.

परत येताना ती वल्ल्या कपड्यानं मागं बसलेली, माझा शर्ट भिजत व्हता. पवायला शिकवताना हनुवटीखाली हात धरावा लागतो, पोटाखाली हात धरावा लागतो, एवढं मला न पवताबी ठाऊक हाय. प्रत्येक वळणावर तो हात माझ्या डोळ्यांपुढं येत व्हता. कोण हा लखन? मिशी असंल. तालमीतला असंल. ती खांद्यावरनं म्हणली, "आवं, त्या बाईनं अजून एक झरा सांगितलाय. पाचच मिनिटावर हाय."

"पेट्रोल न्हाय," मी म्हणलं. काटा पुऱ्या टाकीवर व्हता. तिनं वाकून काटा बघितला आन परत सरळ बसली.

घरी आल्यावर मी लग्नाचा अल्बम काढला. एकेक फोटो बघितला. एक रुबाबदार मिशीवाला तिच्या माहेरच्या माणसांत उभा दिसला. श्रेयाला इचारलं, हा कोण? "पप्पा, त्याच्या हातात सनई हाय." तरी माझं मन निवंना. जेवताना कौसल्या गप दिसली की वाटायचं, त्याची आठवण काढती. हसली की वाटायचं, त्याचीच. आमच्या शेतातल्या विहिरीच्या काठाला ती कधीमधी उगंच उभी राहायची. इतकी वर्सं मला वाटायचं, पाण्याची मोटार बघती. आता कळलं काय बघती ते, असं मी स्वतःला सांगितलं आन त्या दिशी गायीला बिनकारण शिव्या दिल्या.

मग धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात जावयाला बोलवून धोंड्याचं जेवण द्यायची आमच्याकडं रीत हाय. सिंधुबाईंचा फोन आला. दरवेळी मी कारणं सांगतो, ह्यावेळी लगेच व्हय म्हणलं. मिशी कोरून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. बारामती ओलांडून वालचंदनगरच्या रस्त्याला लागलो तवा सहज इचारल्यासारखं इचारलं, "तो लखन असंल का गावात?"

"असंल. सुट्टीत विहिरीवरच असतो," कौसल्या म्हणली. आवाज जरा बारीक झाल्यासारखा वाटला. माझी खात्रीच पटली.

सासुरवाडी वालचंदनगरच्या अलीकडं हाय. पाय धुतलं, ओवाळलं, पुरणाचं धोंडं चुलीवर उकडत व्हतं. मी उठून म्हणलं, "मी जरा विहिरीवर जाऊन येतो."

सिंधुबाईंच्या हातात काढ्याचं भांडं व्हतं. मी मागायच्या आधीच ठेवलेलं. "सर्दी न्हाय का, जावईबापू?"

"न्हाय."

त्यांनी भांडं खाली ठेवलं आन लेकीकडं बघितलं.

विहीर मळ्यात, डाळिंबाच्या बागंपलीकडं. सात-आठ पोरं पाण्यात कालवा करत व्हती. काठावर एक गडी, उघडा, दंडावर मारुती गोंदलेला, हातात दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला पाठीला कॅन बांधलेली एक बारकी पोरगी हातपाय मारती. पोरं त्याला लखनदादा म्हणत व्हती. बघायला चांगला व्हता.

"दाजी," तो म्हणला, "तुमी? विहिरीवर?"

"का, येऊ नये का?" मी म्हणलं. "म्हणलं बघावं तरी, आमच्या बायकोला पवायला शिकवणारा गुरू कोण हाय तो."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मी? कौसाक्काला?" मग त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "दाजी, मी आक्कापरीस सहा वर्सांनी बारका हाय. मला आक्कानं शिकवलंय. हीच दोरी तिच्या हातात व्हती. तुमच्या पहिल्या दिवाळीला तुमाला मुटकं मारायला बोलवायला आल्तो की मी. धाव्वीत व्हतो तवा."

मला आठवलं. शेंबडी चार-पाच पोरं आल्ती, त्यांची नावं कोण इचारतंय. पंधरा दिवस ज्याच्यावर दात खाल्लं, तो मला दाजी म्हणत समोर उभा.

"मग तिला कुणी शिकवलं?"

तो माझ्या पाठीमागं बघायला लागला. वळलो, तर कौसल्या आन सिंधुबाई बांधावरनं येत व्हत्या, सासूबाईंच्या हाताला अजून पीठ.

"मी शिकवलं," सिंधुबाई म्हणल्या. "तिलाबी आन निम्म्या गावालाबी. काष्टा मारून ह्याच विहिरीत. लखनचा बाप आधी माझ्याकडंच शिकला."

माझी सासू. माझ्यापुढं पदर न घेता कधी उभी राहिली न्हाय, ती बाई.

"मग हिनं लखनचं नाव का घेतलं?"

"माझी शपथ व्हती तिला." त्यांनी पिठाचं हात एकमेकांवर चोळलं. "लग्न ठरलं तवा तुमच्या आत्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरगं गुणाचं हाय, पण लहानपणी हौदात पडलेलं, पाण्याला लई भितं. मी ह्या पोरीला म्हणलं, बाई, आता पाणी बास. नवरा काठावर आन बायको पाण्यात, लोकं त्याला हसतील. जावयाचा मान घालवायचा न्हाय. हितं आली तरी विहिरीवर जायचं न्हाय, आन का ते कुणाला सांगायचं न्हाय."

"म्हंजी माझी सर्दी..."

"काढ्यात काय असतंय, जावईबापू? आलं, गूळ आन गरम पाणी. पंधरा वर्सांत एकदा तरी नाक गळालं का तुमचं?"

पोरं पाण्यात एकमेकांना कोपरं मारत व्हती. लखन दोरीची गाठ बघत व्हता. म्हंजी सगळ्या गावाला ठाऊक. पंधरा वर्सं सगळं गाव माझी सर्दी सांभाळत व्हतं.

कौसल्या पहिल्यांदा बोलली. "तिकडं तुमी अचानक इचारलं. आईचं नाव घेतलं असतं तर सगळंच निघालं असतं. जे तोंडाला आलं ते सांगितलं." मग थांबून म्हणली, "मी तिकडं उतरणार नव्हती. दोन डोहांवर दम धरला. तिसऱ्यावर न्हाय धरवला."

मला लई राग आला. आत्याचा आला, सासूचा आला. मग आमच्या शेतातल्या विहिरीच्या काठाला उभी राहिलेली कौसल्या आठवली, आन राग ज्याच्यावर यायला पायजे व्हता त्याच्यावर आला. माझ्यापायी ही बाई पंधरा उन्हाळे कोरडी राहिली. आन मी तिला पेट्रोल न्हाय म्हणून सांगितलं.

"लखन," मी म्हणलं, "मोठा कॅन हाय का रं?"

"हाय की. वीस लिटरचा."

"आण."

"धोंडं निवतील," सिंधुबाई म्हणल्या.

"निवू द्या, मामी."

इस्त्रीचा शर्ट काढून डाळिंबावर टाकला. लखननं पाठीला कॅन आवळला. एक पोरगं फिसकन हसलं, तसं लखननं त्याच्याकडं बघितलं. कमरंला दोरी बांधून झाली तवा मी म्हणलं, "दोरी हिच्या हातात दे."

कौसल्यानं दोरी घेतली, आईच्या हातात दिली. "वर आई असंल. मी खाली असती." मंगळसूत्र पाठीवर टाकलं, पदर खोचला, काष्टा मारला, आन सगळ्यांच्या देखत, माझ्या देखत, वरनं सूर मारला. सिंधुबाई बघत उभ्या व्हत्या. त्यांनी डोळं पुसलं, का घाम पुसला, मला कळलं न्हाय.

मी पायऱ्या उतरलो. एक, दोन, तीन. गुडघ्याच्या वर पाणी आलं. पाय लटलट कापायला लागलं, ते वरच्या पोरांनाबी दिसत असंल. कमरंच्या वर आलं. पायरी संपली.

कौसल्यानं माझ्या पोटाखाली एक हात घातला, दुसरा हनुवटीखाली धरला. "वर बघा," म्हणली, "आईकडं बघा, म्हंजी भ्या वाटणार न्हाय."

मी वर बघितलंच न्हाय. तिच्याकडं बघत राहिलो, आन पहिली गटांगळी खाल्ली.