भाव पडायची वाट

चूक तुमची आहे. वरच्या मजल्यावर बसून माणसांचे भाव ठरवणाऱ्यांनो, तुमचीच. आणि चुकत होतात तेव्हा हसत होतात, हे जास्त वाईट.

एदेलमिरो केसादा आठ हंगाम त्या शहराच्या बेसबॉल संघात शॉर्टस्टॉप खेळला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, सगळ्यात धावपळीची जागा. हंगामाअखेर करार संपला आणि तो मोकळा झाला. कुठल्याही संघात जाऊ शकत होता, पण जायचं कुणाला होतं? बायको यानिरिस तिथल्याच शाळेत शिकवायची. धाकट्या मुलीला तर बर्फ नसलेलं गाव हे गावच वाटत नसे.

"बाजारात फिरून ये, मिरो. दार उघडंच आहे," संघाचा व्यवस्थापक हॅलोरन म्हणाला. त्याचा हिशेब सरळ होता. त्याच जागेचे दोन मोठे खेळाडू मोकळे आहेत. ते एकदा खपले की हा तेहतिशीचा गडी पडेल भावात पदरात पडेल.

ते दोघे डिसेंबरातच खपले. पण घेणारे संघ सहा होते. दोघांचं भागलं, चौघे हात चोळत राहिले, आणि बाजारात उरला एकटा मिरो. त्याचा दलाल लेनी याच्या फोनला उसंत मिळेना.

लेनीने हॅलोरनला कळवलं, "दुसरे मागताहेत. बोला लवकर." हॅलोरन खो खो हसला. प्रत्येक दलाल हेच सांगतो. दुसरा संघ म्हणजे पिंपळावरचं भूत; ऐकलंय सगळ्यांनी, पाहिलं कुणीच नाही.

"वीस वर्षं थापा मारल्या, त्या गिळल्या गाढवांनी," लेनी कपाळ बडवत म्हणाला. "जन्मात एकदा खरं बोललो तर दात काढतात! मिरो, एका संघाने चांगला आकडा दिलाय. त्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय."

मिरोने कोट चढवला.

"कुठे रे?" यानिरिसने विचारलं.

"मेळाव्याला. रांगेत."

दर जानेवारीत संघ चाहत्यांना बोलावतो. साहेब मंचावर बसतात, खाली माइकपुढे रांग लागते, ज्याला जे विचारायचं ते त्याने विचारावं. हॅलोरन सांगत होता, "मिरो घरचाच आहे. बाजार थंड आहे. येईल."

"आणि नाही आला तर?" माइकपाशी उभ्या म्हातारीने विचारलं.

"जाणार कुठे, आजी?"

सभागृह हसलं. म्हातारी नाही हसली. ती मागे वळली, तर मागे टोपी काढून खुद्द मिरो उभा. तिने माइक त्याच्या हातात कोंबला. "घे बाबा. माझ्याच्याने नाही होत. तूच विचार."

हशा जागीच मेला. हॅलोरन अर्धवट उठला. "मिरो, आपण आत बसून बोलू."

"आत बसायला बोलावलंत कधी?" मिरो म्हणाला. "बाजार थंड नाही, साहेब. दुसऱ्यांना मी हवाय, आजच. मला इथंच राहायचंय, पण उरलासुरला माल म्हणून नाही. ते देताहेत तेवढं द्याल, की मी जाऊ? या लोकांसमोर सांगा. हो की नाही?"