हा चाकू कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. वयाने तसा फार नाही, पण पात्यावर डाग पडलेत आणि मुठीचा रंग उडालाय, म्हणून बघणारे मला जुना म्हणतात. घाबरू नका. तुमच्या नव्या पेन्सिलीपेक्षाही माझं पातं आखूड आहे. दोऱ्या, कापड आणि पुठ्ठे कापण्यासाठी माझा जन्म झाला. मला एकाने फार हौसेने निवडलं होतं आणि त्यानेच एक दिवस चारचौघांत नाकारलं. ती गोष्ट सांगायची आहे. सांगताना माझी जीभ जरा तिखट होईल. चाकूच आहे मी, तेवढं चालवून घ्या.

मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला घडवलं. लोहाराने मला भट्टीत लालभडक तापवलं, ठोकून ठोकून आकार दिला आणि मग पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे नळाखाली धरणं नव्हे हं! तापलेलं पोलाद एकदम थंड करून कणखर करायचं, त्याला आमच्यात पाणी देणं म्हणतात. माझ्या मुठीला दोन्ही बाजूंनी शिसवी लाकूड लावलं, पितळेच्या खिळ्यांनी पक्कं केलं आणि चामड्याचं म्यान शिवलं. मला घडी नाही, खटका नाही, स्क्रू नाही. मुठीच्या टोकापर्यंत मी एकच एक पोलाद आहे. साधा आहे, पण आतून एक आहे, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

घाटकोपरला चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचं हत्यार-अवजारांचं दुकान होतं. तिथे काचेच्या कपाटात माझ्या आजूबाजूला बडे बडे चाकू होते. कुणाला करवतीसारखे दात, कुणाच्या मुठीत होकायंत्र, एक तर इतका मोठा की त्याने ऊस तोडावा. माझ्याकडे कुणी बघत नसे. मग एक दिवस नितेश आला.

नितेश नाहूरला राहायचा आणि गोरेगावला सिनेमाच्या सेटवर सजावटीचं काम करायचा. भिंती उभ्या करायच्या, पडदे टांगायचे, शूटिंग संपलं की सगळं सोडवून ठेवायचं. दिवसभर दोरी आणि चिकटपट्टी. त्याच्या एका बोटाला पट्टी होती. घडीचा चाकू जोर लावताना मिटला होता आणि बोट कापलं होतं. म्हणून त्याला न मिटणारा चाकू हवा होता, रोज कमरेला राहील असा.

तो एकदा आला, बघून गेला. पुन्हा आला, पुन्हा बघून गेला. मोबाइलवर काहीबाही बघून यायचा आणि एकेक चाकू मागून घ्यायचा. हा जड आहे. याचं टोक फार अणकुचीदार, बसलो तर पोटात जाईल. याची मूठ घामाने निसटेल. शेवटी चंद्रप्रकाश वैतागला.

"अरे भाऊ, चाकू घ्यायचाय का मुलगी बघायचीय तुला?"

नितेश हसला. "रोज सोबत ठेवायचाय ना. मुलगी काय, एकदा हो म्हणाली की झालं. याला रोज अंगावर बाळगायचंय. आणि मला हत्यार नको, अवजार पाहिजे. कोणी बघून घाबरायला नको."

मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला हातात घेतलं, मूठ आवळली, सैल सोडली, अंगठा माझ्या पाठीवर टेकवला. एक सुतळी मागून घेतली आणि एका झटक्यात कापली.

"हाच," तो म्हणाला. "झकास आहे."

हाच! मित्रांनो, दुकानातल्या वस्तूच्या आयुष्यात यापेक्षा गोड शब्द नसतो. इतक्या सगळ्यांना नाही म्हणून त्याने मला हो म्हटलं. मी हुरळून गेलो. तिथेच मी चुकलो, पण ते मला पुढे कळलं.

सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी गेली. काम संपलं की नितेश मला कोरडं पुसायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचा. मुंबईच्या दमट हवेत माझ्यासारख्या पोलादाला दोन दिवसांत गंज धरतो, हे त्याला ठाऊक होतं. रविवारी तो दगडावर मला धार लावायचा आणि स्वतःशीच शीळ घालायचा. सेटवर कुणी मला मागितलं तर म्हणायचा, "हात नाय लावायचा हां. माझा आहे तो." दसऱ्याला पाटावर हातोडी, पक्कड आणि मेजरिंग टेप यांच्या शेजारी मला मांडायचा, हळदकुंकू वाहायचा, झेंडूचं फूल ठेवायचा. हातोडीच्या वाट्याला लहान फूल यायचं आणि माझ्या वाट्याला मोठं. ते मी नीट बघून ठेवलं होतं.

एकदा सेटवर भलामोठा पडदा वर चढवताना दोरी सुटली आणि सर्वेश नावाच्या त्याच्या सोबत्याच्या मनगटाला तिचा फास बसला. पडद्याचा सगळा भार त्या हातावर आला. सर्वेश ओरडायला लागला. नितेशने एका हाताने त्याला धरलं आणि दुसऱ्या हाताने मला खेचलं. घडीचा चाकू असता तर उघडायला दुसरा हात लागला असता. मी म्यानातून निघालो आणि थेट दोरीवर पडलो. फास तुटला. सर्वेशचा हात वाचला. त्या दिवशी सगळ्यांनी मला हातोहात फिरवलं आणि नितेशने पहिल्यांदाच कुणाला अडवलं नाही. मला वाटलं, आता आमची साथ जन्माची.

मग नितेश आणि त्याची बायको श्रुतिका यांना मुलगी झाली. तिचं नाव अबोली. नितेशची आई, रुक्मिणीबाई, मूळच्या मालवणकडच्या. बाळाच्या उशाशी लोखंड ठेवायचं, म्हणजे वाईट काही जवळ येत नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. तुमच्याही आजीने तुमच्या उशाशी अडकित्ता नाही तर सुरी ठेवली असेल, विचारून बघा. रुक्मिणीबाईंनी घरातल्या सगळ्या सुऱ्या सोडून नितेशच्या कमरेवरच्या मलाच मागितलं.

"आये, तो माझ्या कामाचा चाकू आहे ना," नितेश म्हणाला.

"कामाचोच होयो," त्या म्हणाल्या. "जो कधी कामाक इल्लो नाय, तो बाळाक काय राखतलो?"

आता दिवसा मी नितेशच्या कमरेला आणि तो घरी आला की अबोलीच्या गादीखाली, म्यानात नीट बंद. वाईट शक्ती वगैरे मला कधी दिसल्या नाहीत. पण राखणदार म्हणून आपली नेमणूक झाली याचा तोरा मात्र मला होता.

एका रविवारी सगळे अंधेरीला श्रुतिकाच्या बहिणीकडे निघाले. बाळाला पहिल्यांदाच एवढ्या लांब न्यायचं होतं. बाळ बाहेर निघालं की लोखंडही सोबत हवं, म्हणून रुक्मिणीबाईंनी मला अबोलीच्या पिशवीत, लंगोटांच्या घडीखाली ठेवलं. सांगायचं काय त्यात, असं त्यांना वाटलं असणार. घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत पिशवी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला.

"बॅगेत चाकू आहे," सुरक्षा रक्षक म्हणाला. त्याने मला बाहेर काढलं. मागच्या रांगेतले लोक माना उंच करून बघू लागले. कुणीतरी मोबाइल वर धरला.

"कोणाचा हा चाकू?"

मी नितेशकडे बघितलं. मला मुळीच भीती वाटली नाही. माझा माणूस समोर उभा होता.

"माझा नाही," नितेश म्हणाला.

रक्षक काही वाईट माणूस नव्हता. तो समजावून म्हणाला, "तुमचा असेल तर घेऊन बाहेर जा, रिक्षाने जा. आत नेता येत नाही, एवढंच."

एवढंच! म्हणजे वाट मोकळी होती. पण नितेशच्या कपाळाला घाम आला होता. त्याने एकदा त्या मोबाइलकडे बघितलं आणि आवाज चढवला.

"सांगतोय ना, माझा नाही! मी असलं हत्यार कशाला बाळगू? आईने कुठून उचलला काय माहीत."

हत्यार! ज्याने मला अवजार म्हणून पारखून घेतलं, झेंडू वाहिला, लेकीच्या उशाशी ठेवू दिलं, त्याच्या तोंडून हा शब्द आला. लोहाराच्या घणाखाली मी कधी कण्हलो नाही, पण त्या क्षणी मला तडा जाईल असं वाटलं. आणि माझ्याबरोबर त्याने आपल्या आईलाही ढकलून दिलं होतं.

रुक्मिणीबाई मुलाकडे बघत राहिल्या. मग पुढे झाल्या.

"चाकू माझो आसा," त्या म्हणाल्या. "मीच ठेवलंय."

"आजी, हा घेऊन आत जाता येणार नाही."

"मगे मी जात नाय."

"आये, टाक ना तो तिथेच," नितेश हळूच म्हणाला. "नवा घेईन मी."

त्यांनी मला पदरात गुंडाळलं आणि एकट्याच घरी परतल्या. नितेश, श्रुतिका आणि बाळ पुढे गेले. श्रुतिका मागे वळून बघत होती. नितेश नाही.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात आहे. नितेशने प्लॅस्टिकचा कटर घेतला, पातं बोथट झालं की त्याचा तुकडा मोडून फेकायचा, तसला. माझ्याकडे तो बघतही नाही. मला बघितलं की त्याला रांगेतले ते लोक आठवत असतील. रुक्मिणीबाई प्रेमाने वापरतात, पण माझ्या पोलादाच्या खोडी त्यांना माहीत नाहीत. कैरीच्या आंबटाने माझं अंग काळं पडलं, ओल्या मोरीत पडून गंजाचे ठिपके आले. त्यांना कसा दोष देऊ? भर रांगेत ज्यांनी मला आपलं म्हटलं, त्या तेवढ्या एकट्याच होत्या.

परवा नितेश लवकर घरी आला. दोरी कापताना कटरचं पातं मुठीतच मोडलं होतं आणि डोळा थोडक्यात बचावला होता. रुक्मिणीबाई माझ्या पात्याने शेवग्याच्या शेंगा तोडत बसल्या होत्या.

"आये, माझा..." तो म्हणाला आणि अडखळला. "तो चाकू दे ना जरा. कामाला लागतो."

"कोणाचो चाकू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आता हे काय गं?"

"कोणाचो ता सांग आणि घेवन जा."

मित्रांनो, खरं सांगतो, मला राग होता, अपमान गिळलेला होता, तरी माझा सगळा जीव त्या हाताकडे धावला. माझा म्हण रे. दोन अक्षरं आहेत. तेवढं म्हणालास तर गंज विसरीन, ती रांग विसरीन, उद्यापासून पुन्हा तुझ्या कमरेला येईन. श्रुतिका अबोलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तीही वाट बघत होती.

नितेशने क्षणभर माझ्याकडे बघितलं. ते म्हणायचं तर मेट्रोतलं सगळंच कबूल करावं लागलं असतं, आईसमोर आणि बायकोसमोर.

"राहू दे," तो म्हणाला. "एक चाकूच तर आहे. दुसरा घेतो."

आणि तो हात धुवायला गेला. रुक्मिणीबाईंनी पुढची शेंग घेतली, पण तोडली नाही. बराच वेळ मी त्यांच्या हातात नुसताच होतो.

मुलांनो, चाकू दप्तरात ठेवू नका, ती मोठ्यांची वस्तू आहे. पण तुमची सायकल आहे, बॅट आहे, सेकंडहँड पुस्तकं आहेत, गावाकडून पिशवी घेऊन येणारे आजोबा आहेत. हौसेने जे आपलं म्हटलं, त्याला जपा, पुसा, वेळेवर तेल द्या. आणि चार लोक बघत असताना कुणी विचारलं, हे कोणाचं, तर माझं म्हणा. घाम फुटला तरी म्हणा. तेव्हा तोंडातून निघालं नाही, तर घरी येऊन तरी म्हणा. आम्ही वाट बघत असतो.