ला पेर्लापासून शंभर मीटर दक्षिणेला

"पत्ता विचारायच्या आधी सांगणारं माणूस कोण आहे ते विचार," असं आई मला म्हणाली होती. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे तिचं बोलणं मला कायम फळ्यावर लिहिल्यासारखं वाटतं. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "आई, कॉम्प्युटरला माणसं कळत नाहीत, ठिकाणं कळतात."

"मग अवघड आहे तुझ्या कॉम्प्युटरचं," असं म्हणून ती माझ्या मुलीचे, आब्रिलचे, मोजे शोधायला गेली.

हे सगळं आठवायचं कारण दोन्या फ्लोरी. दोन्या म्हणजे आमच्याकडचं 'बाई'. आमच्यापासून चौथ्या दारात त्या एकट्या राहतात. डिसेंबरात त्यांचा मुलगा विल्बर्त न्यू जर्सीहून येणार आहे आणि आईला यापुढे घरी एकटं ठेवायचं की वृद्धाश्रमात, ते तेव्हा ठरवणार आहे. एका आश्रमात त्याने नावही घालून ठेवलंय. आईचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही, असं त्याचं मत झालंय. ते मत व्हायला मी कारणीभूत आहे.

मी डेटा सल्लागार आहे. कंपन्या त्यांची अस्ताव्यस्त माहिती माझ्याकडे देतात आणि मी ती आवरून देते. माझा नवरा ओल्मान याला "पगारी केर काढणं" म्हणतो. तो स्वतः कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्यांमधले दोष शोधतो, तेव्हा त्याने फार बोलू नये. गेल्या वर्षी मला इथल्या, कोस्टा रिकातल्या कार्तागोच्या, एका खाजगी अँब्युलन्स सेवेचं काम मिळालं. आमच्याकडे घराला नंबर असला तरी तो घरातल्यांनाच माहीत नसतो. "जुन्या डेअरीपासून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास पूर्वेला, हिरवं फाटक," असा पत्ता. डेअरी माझ्या जन्माआधीच बंद पडलेली. शंभर मीटर म्हणजे एक चौक ओलांडायचा, तिथे टेप लावायची नसते. हे सगळ्यांना पाठ असतं, पण राजधानीतून, सान होसेहून, आलेल्या नव्या ड्रायव्हरला डेअरी कुठे होती हे कुठून कळणार? म्हणून अशा प्रत्येक खुणेला नकाशावर एक ठिपका नेमून द्यायचा, की फोनवर बोलणं चालू असतानाच गाडीतल्या पडद्यावर रस्ता दिसेल. हे माझं काम.

मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलं. एक कान मीटिंगमध्ये, दुसरा आब्रिलच्या छातीकडे. आब्रिल साडेतीन वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. ती झोपली की मी अधूनमधून जाऊन वाकून बघते. ओल्मान म्हणतो, "घेतेय ती श्वास. तिला एकटीला घेऊ दे की जरा."

सकाळच्या वेळी आब्रिलला दोन्या फ्लोरी सांभाळायच्या. त्या सगळ्यांनाच अहोजाहो करतात, लेकरांना आणि कुत्र्यालासुद्धा. "अहो आब्रिलबाई, केळं खाता का? नाही? मग तुमचं केळं मीच खाते हं." असं म्हटलं की आब्रिल धावत यायची. दम्याचा पंप कधी आणि कसा द्यायचा ते मी त्यांना एकदाच दाखवलं होतं. पुन्हा दाखवायला गेले, तर म्हणाल्या, "बाळा, विल्बर्तला लहानपणी हाच त्रास होता. तेव्हा पंप नव्हता, मी होते."

आता ला पेर्लाबद्दल. ला पेर्ला हे आमच्या वस्तीतलं वाण्याचं दुकान. जुना मालक गेल्यावर मुलाने ते तीन चौक वर, मोठ्या रस्त्यावर नेलं आणि पाटीही उचलून नेली. जुन्या जागी आता कुणाची तरी गाडी उभी असते. पूर्वी आलेल्या फोनांवर गाड्या कुठे पोचल्या ती माहिती लावताना मला "ला पेर्ला"चे दोन पुंजके दिसले. वर मोठ्या रस्त्याजवळ भरपूर ठिपके, खाली आमच्या गल्लीजवळ मोजके. भरपूर असतात ते खरे आणि मोजके असतात ती चूक, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. मी खालचे पुसून टाकले. मला तर दोन्ही जागा ठाऊक होत्या. दुकान हललं तेव्हा मी कॉलेजात होते. पण त्या वेळी मी ठिपके बघत होते, दुकान नाही.

मे महिन्यात आमच्या वस्तीच्या संताचा सण होता. त्या दिवशी कागदी लगद्याच्या अवाढव्य मुखवट्यांची मिरवणूक निघते: उंच बाई, सैतान, कवटी. पुढे आमचा बँड. मी कॉलेजपासून त्यात क्लॅरिनेट वाजवते. वाजवताना दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणूनच मला ते आवडतं. आब्रिल कवटीला घाबरते, म्हणून तिला दोन्या फ्लोरींकडे ठेवलं होतं. ओल्मानची रविवारची पाळी होती.

बँड थांबला तेव्हा पिशवीतल्या फोनवर त्यांचे कितीतरी चुकलेले कॉल होते. मी धावत गल्लीत आले. अँब्युलन्स वरच्या चौकात, रस्त्याच्या मधोमध उभी होती. मागचं दार उघडं, आत आब्रिल तोंडावर मास्क लावून बसलेली, आणि खाली दोन्या फ्लोरी. पायात घरातल्या सपाता, एक हात गाडीच्या दाराला धरलेला. तासाभरात आब्रिलने जेली मागितली. तिला काही झालं नाही, हे इथेच सांगून टाकते.

गाडीबरोबरचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी जरा गोंधळल्या होत्या. पत्ता चुकीचा सांगितला. आम्ही भलतीकडेच उभे होतो."

माझा त्यावर विश्वास बसला. लगेच आठवायलाही लागलं, की मागच्या महिन्यात त्यांनी मला दोनदा त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. संध्याकाळी मी विल्बर्तला फोन केला. जबाबदार शेजारणीने करावा तसा. म्हटलं, "काळजीचं कारण नाही, पण तुम्हाला माहीत असावं. त्यांना घरचा पत्ता नीट सांगता आला नाही."

तो म्हणाला, "नाताळात तिने कॉफीत मीठ घातलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

मंगळवारी नेहमीप्रमाणे सेवेकडून फसलेल्या फेऱ्यांची फाइल आली. प्रत्येक फेरीसमोर कारण लिहिलेलं असतं. लिहिलेलं म्हणजे यादीतून निवडलेलं, आणि ती यादी मी केलेली आहे: "खोटा कॉल", "रस्ता बंद", "फोन करणाऱ्याचा गोंधळ". रविवारच्या फेरीपुढे तिसरं कारण होतं. शेजारी आवाजाची नोंद. मी आब्रिलला कार्टून लावून दिलं आणि ऐकलं.

पहिल्या फोनमध्ये दोन्या फ्लोरी एका दमात सगळं सांगतात. "ला पेर्लापासून शंभर दक्षिणेला, पन्नास पश्चिमेला, जाळीचं फाटक. लेकराला दम लागलाय, पंप दिला, उतरत नाही. या."

दुसरा फोन गाडीतून आलेला.

"आजी, तुम्ही सांगितलंत बरोबर तिथेच आहोत आम्ही. इथे जाळीचं फाटक नाही."

"नाही कसं? मी त्यालाच धरून उभी आहे!"

"आजी, तुम्ही नक्की राहता कुठे?"

"तुमच्या आईचं लग्न झालं नव्हतं तेव्हापासून इथे राहते! ला पेर्ला कुठे आहे ते तुम्ही मला शिकवणार?"

"बरं, बरं. घरात दुसरं कुणी मोठं माणूस आहे का? त्यांना फोन द्या."

इथे त्या थांबतात. मागे आब्रिलचा श्वास ऐकू येतो, शिट्टीसारखा. मग त्या एकदम हळू आवाजात म्हणतात, "नाही. मीच आहे." आणि मग, "तुमचा भोंगा ऐकू येतोय मला. हलू नका तिथून. वाजवत राहा. मी घेऊन येते."

मी नकाशा उघडून बघितला. त्यांचा पत्ता जुन्या ला पेर्लापासून अगदी अचूक होता.

दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी गुळाचं गरम पाणी पुढे ठेवलं. मी सगळं सांगितलं: दोन पुंजके, मी पुसलेले ठिपके, यादीतलं कारण.

"म्हणजे तुमच्या मशीनमध्ये वरचंच ला पेर्ला होतं."

"हो. तुम्ही बरोबर होता, दोन्या फ्लोरी. चूक माझी."

"बाळा, वरचं दुकान मला माहीत नाही का? परवाच तिथून पाव आणला. प्लास्टिकसारखा होता." त्यांनी टेबलावरचा गुळाचा कण बोटाने टिपला. "तो मुलगा म्हणाला, आम्ही ला पेर्लाशी आहोत. तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं, की हा वरच्याशी उभा आहे. आधी आलं असतं. त्या दिवशी आलंच नाही."

"लेकराला दम लागलेला असताना कुणाला सुचतं?"

"भोंगा सुचला की," त्या म्हणाल्या. "विल्बर्तने विचारलं, आई, तुला कळलं कसं नाही. तेच मी स्वतःला विचारतेय."

त्या रात्रीच मी विल्बर्तला पुन्हा फोन केला. तेच सगळं त्याला सांगितलं, आवाजाची नोंद ऐकवते म्हणाले.

"दोन्या येन्द्री, तुम्ही तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करा. मी माझ्या आईबद्दल बोलतोय."

"मीही त्यांच्याबद्दलच बोलतेय. त्या ठीक आहेत."

"रविवारी तुम्हीच म्हणालात ठीक नाहीत. आज म्हणता ठीक आहेत. तुमची मुलगी सांभाळायला तुम्हाला बाई हवी आहे, दुसरं काय?"

मी फोन ठेवला. ओल्मान भांडी विसळत होता, त्याने ऐकलं होतं.

"तोंडाळ आहे," तो म्हणाला. मग नळ बंद करून, "पण एक सांग. त्या ठीक आहेत ना? मग उद्या आब्रिलला सोडतेस तिकडे?"

मी उद्या बघू म्हटलं. आता आब्रिल पाळणाघरात जाते. ते स्वच्छ आहे, तिथे नर्स आहे, आणि दाराबाहेर मोठ्या अक्षरांत नंबर लिहिलेला आहे. दोन्या फ्लोरींना मी सांगितलं, की तिला जरा मुलांत मिसळू दे. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना मुलं हवीत."

कामापुरतं मी सगळं दुरुस्त केलं. पुसलेले ठिपके परत घातले. फोन घेणारी मुलगी आता आधी वय विचारते आणि मग मशीन त्या वयाच्या माणसाला ठाऊक असलेली खूण काढतं. सेवेचे लोक खूश आहेत. त्या फेरीपुढचं कारणही बदललं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं केलंस," आणि आब्रिल जेवते का नीट, ते विचारलं.

दोन्या फ्लोरी मात्र आता कमी बाहेर पडतात. परवा फाटकाशी भेटल्या तेव्हा मला विचारत होत्या, "चर्चच्या पलीकडची औषधांची खिडकी गुरुवारी उघडी असते ना? की बुधवारी?" त्यांना ते माहीत आहे. गल्लीतल्या सगळ्यांना त्याच सांगत आल्या आहेत. आता उत्तर माहीत असलं तरी त्या कुणाकडून तरी खात्री करून घेतात, आणि विचारतात म्हणून लोक एकमेकांकडे बघतात. मीही बघते. त्या बोलताना एखाद्या शब्दापाशी थांबल्या, की मी मनात नोंद घेते. गेल्या आठवड्यात त्यांनी किल्ली शोधली, मी तेही धरलं. किल्ली मी स्वतः रोज शोधते.

त्यांच्यात खरंच काही बदललंय, की आम्ही सगळे टक लावून बसलोय म्हणून तसं दिसतंय, हे मला आता सांगता येत नाही. माझी नजर या कामाची राहिली नाही. ओल्मानची नाही, शेजाऱ्यांची नाही, विल्बर्तची तर पहिल्यापासूनच ठरलेली. ज्याला यातलं काही माहीत नाही, असं माणूस हवं.

पण तुम्ही तर आता सगळं वाचलंत. तरी चालेल, तुम्ही त्यांना कधी बघितलेलं नाही. कार्तागोकडे येणं झालं, तर त्यांच्याकडे जाऊन या. दुपारनंतर त्या व्हरांड्यात असतात. रस्ता चुकलो म्हणा आणि बसस्टॉप विचारा, बाजार विचारा, काहीही. बसा म्हणाल्या, तर बसा. गुळाचं पाणी देतील, ते प्या, घाई करू नका, आणि मी पाठवलं असं सांगू नका. त्या कशा आहेत तेवढं बघा. नीट असतील, तर विल्बर्तला डिसेंबरच्या आधी फोन करा, नंबर मी देते. नीट नसतील, तर मला सांगा. पण एकदा जाऊन बघून या.