आतला चेंडू

"ऑर्विल, तो पोरगा प्लेटवर जेवायला बसल्यासारखा बसलाय," ग्रीअर म्हणाला. "उठव त्याला."

बेसबॉलमधली प्लेट म्हणजे फलंदाजापुढे जमिनीत बसवलेली पांढरी पाटी. ग्रीअर आमचा मॅनेजर, मी कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. तो पोरगा म्हणजे समोरच्या संघाचा एमस टोलिव्हर, वय बावीस. त्या दुपारी तो दोनदा फलंदाजीला आला होता आणि दोन्ही वेळा त्याने चेंडू कुंपणापलीकडे घालवला होता. आता सहाव्या डावात तिसऱ्यांदा येत होता. १९६१चा ऑगस्ट, आयोवातलं नदीकाठचं मैदान, बघायला दोनेक हजार माणसं.

"कूबिक ऐकायचा नाही," मी म्हणालो.

"ऐकेल. पुढच्या महिन्यात मोठ्या लीगमध्ये जायचंय ना त्याला?"

लेलँड कूबिक आमचा पिचर, चेंडू टाकणारा. नेब्रास्कातल्या चेक शेतकऱ्याचा मुलगा, पंचवीस वर्षांचा, उजव्या हाताने टाकायचा. त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी आत वळायचा, उजव्या फलंदाजाच्या मुठींकडे. कितीतरी बॅटी त्याने मुठीजवळ मोडल्या. कूबिकची पाळी असेल त्या दिवशी दोन बॅटी जास्त आणा, असं समोरचे संघ आपसात म्हणायचे. त्याच्याकडे जे काही होतं ते त्या आतल्या चेंडूत होतं.

मी प्लेटमागे बसलो, मांडीआड हात नेला आणि अंगठा झटकला. ती खूण म्हणजे अंगावर टाक, मागे हटव. कूबिकने नकाराची मान हलवली. मी परत अंगठा दाखवला. मग त्याने टाकला.

टोलिव्हरला वाटलं चेंडू बाहेरून येणार, म्हणून तो पुढे झुकला होता. त्या काळच्या हेल्मेटांना कानावर झाकण नसे. डाव्या कानशिलावर, डोळ्याच्या कडेला चेंडू लागला. आवाज फार मोठा झाला नाही. तो माझ्या पायांशी कोसळला. बॅट हातातच होती.

ग्रीअर डगआउटमधल्या, आमच्या संघाच्या बाकावरून धावत आला, त्याने खाली एकदा बघितलं आणि म्हणाला, "एवढं नव्हतं सांगितलं मी." हे तो मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही.

कूबिक गणवेशातच हॉस्पिटलात गेला. बुटांच्या खिळ्यांनी फरशी खरवडते म्हणून नर्सने बूट काढायला लावले. मग तो मोज्यांवर व्हरांड्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसला, तिसऱ्याही. तिसऱ्या दिवशी टोलिव्हरची आई केंटकीहून बसने आली. बाकावर टाय लावून बसलेल्या या माणसाला तिने विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही," कूबिक म्हणाला. "चेंडू मी टाकला."

बाई त्याच्या शेजारी बसली. मग पिशवीतून ब्रेड काढून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. "हात घसरला असेल तुमचा," ती म्हणाली.

हे मला कूबिकनेच सांगितलं, एकदाच. तू काय म्हणालास, असं मी विचारलं.

"ब्रेड खाल्ला," तो म्हणाला.

टोलिव्हर वाचला. डावा डोळा गेला.

सप्टेंबरात ठरल्याप्रमाणे कूबिक मोठ्या लीगमध्ये गेला. तिथे तो सात सामने खेळला. सातही सामन्यांत त्याने एकही चेंडू आत टाकला नाही. सगळं बाहेर, फलंदाजापासून लांब. पहिल्या दोन सामन्यांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्यात आलं. मग फलंदाज प्लेटला चिकटून उभे राहू लागले आणि बाहेरचा चेंडू सहज गाठू लागले. पुढच्या मेमध्ये त्याला परत खाली पाठवलं. तो पुन्हा कधी वर गेला नाही.

त्यानंतर सात वर्षं तो लहान गावांच्या लहान संघांतून खेळला. मीही तसाच फिरत होतो आणि वाटेत तीनदा आम्ही एका संघात आलो. मी आतली खूण दिली की तो नुसता उभा राहायचा, मी खूण बदलेपर्यंत. हळूहळू मी ती द्यायची सोडून दिली. आतला चेंडू गेल्यावर त्याने बाहेरचे तीन नवे चेंडू शिकून घेतले, हळू, वाकडे, चिवट. त्या जोरावर तो टिकला. या सात वर्षांत त्याचा चेंडू एकाही फलंदाजाला लागला नाही, कोपराला नाही की सदऱ्याला नाही. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, कारण हे मोजतच कोण होतं? मी मोजत होतो.

त्या खुणेबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी एकदा सुरुवात केली होती, प्रवासात, बसमध्ये. तो म्हणाला, "खिडकी लाव रे, धूळ येतेय."

१९६९च्या ऑगस्टमध्ये आम्ही केंटकीच्या डोंगरातल्या एका गावी खेळायला गेलो. दुपारचा सराव संपला होता. कुंपणापाशी एक दांडगा माणूस उभा होता. डाव्या डोळ्याची पापणी मिटलेली.

"कूबिक," त्याने हाक मारली.

कूबिकने त्याला लगेच ओळखलं. टोपी काढली आणि जवळ गेला. मी तीन-चार पावलांवर थांबलो.

"दर ख्रिसमसला तुझं कार्ड येतं," टोलिव्हर म्हणाला. "मी दोन घरं बदलली. तरी येतं. पत्ता कुठून काढतोस?"

"तुझ्या आईला विचारतो."

"आई वारली. मार्चमध्ये."

"मला माहीत नव्हतं."

"म्हणूनच आलोय." टोलिव्हरने कुंपणाची जाळी धरली. तो लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा, बोटांवर कापल्याच्या खुणा होत्या. "ती होती तोवर विचारायचं नव्हतं. तुझा हात घसरला असं ती म्हणायची. गिरणीतले म्हणतात, टोलिव्हर, तूच ढिला पडलास, बाजूला व्हायला जमलं नाही तुला. आठ वर्षं ऐकतोय. मी म्हणतो, त्या माणसाचा हात घसरत नसतो. आता तू सांग. मुद्दाम टाकलास?"

कूबिक म्हणाला, "हो."

"डोक्यावर?"

"डोक्यावर नाही. तुला मागे हटवायला आत टाकला. तू झुकलास. पण आत टाकला तो मुद्दाम."

आता तो पुढचं सांगेल, म्हणून मी वाट बघत होतो. ग्रीअर तोवर वारला होता. त्याच्यावर ढकलणं सोपं होतं, माझ्यावर तर त्याहून सोपं. कूबिकने दोघांचंही नाव घेतलं नाही. मग मीच पुढे झालो.

"टोलिव्हर, मी कॅचर होतो. खूण मी दिली. तो नको म्हणत होता, मी परत दिली."

टोलिव्हरने मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं.

"तुला कोणी विचारलं?" तो म्हणाला.

मी मागे सरलो.

टोलिव्हरने जाळी सोडली. बरं वाटल्यासारखा दिसला, निदान मला तसं वाटलं. "म्हणजे मी ढिला नव्हतो," तो म्हणाला.

"तू? तुझ्याइतका चपळ फलंदाज मी बघितला नाही," कूबिक म्हणाला. "वरतीसुद्धा नाही."

"उद्या टाकणार आहेस ना?"

"हो. दोन वाजता."

"पेपरात तुझे आकडे बघतो मी. आत टाकत नाहीस ना तू? खरं सांग."

कूबिकने टोपी परत डोक्यावर घातली.

"अरे, डोळा माझा गेला," टोलिव्हर म्हणाला. "हात तू कशाला घालवलास? मी येतोय उद्या. पुढच्या रांगेत बसणार. आत टाकून दाखव एकदा, मला बघायचाय."

दुसऱ्या दिवशी टोलिव्हर आला. बायकोला घेऊन आला नाही, मित्रांनाही नाही. एकटा बसला. पहिले तीन डाव कूबिकने नेहमीसारखे काढले, सगळे बाहेर. चौथ्या डावात त्यांचा एक उंच फलंदाज प्लेटवर ओणवा होऊन उभा राहिला. मी उठून कूबिककडे गेलो.

"काय टाकतोस?" मी विचारलं.

तो हात पँटला पुसत होता. "तू जाऊन बस," तो म्हणाला. "आत बस."

मी जाऊन आत सरकून बसलो. चेंडू पूर्वीच्या वेगाचा नव्हता, तेहतिसाव्या वर्षी कसा असेल? पण तसाच वळला, शेवटच्या क्षणी, मुठींकडे. फलंदाज मागे उडाला आणि बुडावर पडला. चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये होता. फलंदाज कपडे झटकत उठला आणि कूबिकला आईवरून शिवी दिली. त्यांच्या डगआउटमधून आणखी चार आल्या. कूबिक सगळ्या शिव्या ऐकत उभा होता, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच मला त्याचे खांदे खाली आलेले दिसले.

त्या दिवशी त्याने आत आणखी अकरा चेंडू टाकले. दोन बॅटी मोडल्या. आम्ही चार-तीनने हरलो, त्यात तिसऱ्या बेसवर उभ्या आमच्या क्षेत्ररक्षकाची चूक होती, कूबिकची नव्हती. तीन आठवड्यांनी संघाने त्याला सोडून दिलं. वय झालं म्हणाले, ते खरंच होतं.

पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक नव्हतं. अंघोळ करून आम्ही बाहेर आलो तेव्हा टोलिव्हर फाटकाशी उभा होता. "पलीकडच्या हॉटेलात मासा चांगला मिळतो," तो कूबिकला म्हणाला. मला काही म्हणाला नाही. कूबिकने आपली बॅग माझ्याकडे दिली आणि दोघं निघाले.

रस्त्यावर गिरणीतून सुटलेल्या गाड्यांची गर्दी होती. कडेला येताच कूबिक मागून फिरून टोलिव्हरच्या डाव्या अंगाला गेला आणि त्याच्या कोपराला नुसती बोटं लावली. टोलिव्हरने हात झटकला नाही. एक लाकडं लादलेला ट्रक गेला, मग दुसरा. मोकळं झाल्यावर दोघांनी रस्ता ओलांडला. मी दोन बॅगा घेऊन अलीकडे उभा होतो.