सुलूची हाक

सुलू न्हाणीघरात पडली तेव्हा मी पुढच्या खोलीत बसून, तिला बोलायला कसं शिकवावं याचाच धडा ऐकत होतो. कानात इअरफोन होते. धडा चांगला होता, म्हणून थोडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. उठून आत गेलो तर ती ओल्या फरशीवर आडवी. लुळा उजवा हात अंगाखाली गेलेला आणि डोळे दाराकडे लागलेले. किती वेळ तशी पडून होती ते मला माहीत नाही. तिला सांगता येत नव्हतं.

हाड मोडलं नाही. कपाळाला टेंगूळ आलं. ललितला कळवलं नसतं तरी चाललं असतं असं नंतर वाटलं, पण लपवायलाही एक प्रकारचा धीटपणा लागतो आणि तो माझ्यात नाही.

ललित आमचा मुलगा. बोईसरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे, तिथेच फ्लॅट घेऊन राहतो. कामावरून तो तसाच चिंचणीला आला. आईच्या कपाळावरचं टेंगूळ त्याने बोटाने हलकेच चाचपून पाहिलं.

"मी आणलेली बेल कुठं होती?" त्याने विचारलं.

"पलंगाला. आई न्हाणीत होती."

"गळ्यात का नाही अडकवली?"

"ओढून काढते रे. गळ्यात काही ठेवतच नाही."

"आणि तुमच्या कानात काय होतं, ते विचारत नाही," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "बाबा, मी रागावलेलो नाही. पण तिला हाक मारता येत नाही आणि तुम्ही आपल्याच नादात असता. अशी दोन माणसं मी या घरात कशी ठेवू? आम्ही दोघं नोकरीवर. फ्लॅटवर नेली तरी दिवसभर कुलपातच राहणार ती."

वसईच्या बाजूला एक सेवाकेंद्र त्याने पाहून ठेवलं होतं. तिथे फक्त रुग्णांना ठेवतात. बाकीच्यांनी भेटायच्या वेळेत भेटायचं. महिनाअखेरच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. "तोवर तिला नुसती एक हाक मारता आली, तुम्हाला बोलावता आलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शब्द देतो."

मी मान हलवली. एक हाक म्हणजे काही मोठं मागणं नव्हतं.

उन्हाळ्यात सुलूला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. समजतं सगळं, निदान मला तसं वाटतं, पण शब्द ओठापर्यंत येत नाहीत. मुंबईच्या वाचोपचारवाल्या बाईंकडे काही वेळा नेलं. जाऊन येऊन सुलू इतकी दमायची की दोन-दोन दिवस डोळे उघडायची नाही. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, घरी सराव घ्या, पहिले काही महिने फार मोलाचे असतात. सराव कसा घ्यायचा ते त्यांनी सांगितलं होतं, पण त्यांच्यासमोर मला पुन्हा विचारायचा संकोच वाटला. वाटलं, शोधून काढू. सबंध नोकरी गावच्या वाचनालयात गेली. कुठल्या विषयाचं पुस्तक कुठे असेल, एवढं मला कळतं.

फोनवर ते सगळं वाचनालयापेक्षा मोठं निघालं. हिंदीत समजावणाऱ्या एक बाई होत्या. परदेशातल्या एका विद्यापीठाचा फुकट अभ्यासक्रम होता, त्याच्याखाली मराठी अक्षरं आपोआप उमटायची आणि बरीचशी चुकीची असायची. मी वाचत गेलो, पाहत गेलो. एकातून दुसरं निघायचं. मेंदूची डावी बाजू, उजवी बाजू, गाण्यातून बोलणं परत कसं येतं, रुग्णाच्या डाव्या हातावर ताल कसा धरायचा. परीक्षा दिल्या, पास झालो. फोनवर प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं नाव. मी ते सुलूला दाखवलं. तिने ते पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी वाचू शकलो नाही.

आता सांगायला हवं की मी शिकत जास्त होतो आणि शिकवत कमी. रोज वाटायचं, अजून नीट कळलेलं नाही, चुकीचं शिकवलं तर नुकसान होईल, एवढा एक धडा झाला की सुरू करू. शनिवारी एका संस्थेचा थेट वर्ग असायचा, घरच्या माणसांसाठी. त्यात मी कॅमेरा बंद करून बसायचो. हात वर करायचं एक चिन्ह असतं, ते दाबायचो आणि बाई माझं नाव घेतील या भीतीने लगेच खाली करायचो.

सुलू पडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र तिला शिकवायला बसलो. हिंदीतल्या बाईंनी सांगितलं होतं, की रुग्णाच्या सर्वांत जवळच्या माणसाच्या नावापासून सुरुवात करा. ते नाव मेंदूत सर्वांत खोल रुजलेलं असतं. मुलं आईचं नाव घेतात, बायका नवऱ्याचं. मला ते पटलं. शिवाय ललितला हाकच हवी होती.

सकाळी तिला तक्क्याला टेकवून बसवायचो. तिचा डावा हात हातात घेऊन त्यावर ताल धरायचो. विश्-राम. विश्-राम. सूर लावायचा होता, पण शेजारी ऐकू जाईल म्हणून मी खिडकी लावून घ्यायचो आणि कुजबुजायचो. माझंच नाव मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणायचो आणि तिच्या ओठांकडे पाहायचो. ती ओठ मिटून घ्यायची. जास्त आग्रह केला की मान भिंतीकडे वळवायची. कधी डोळ्यांत पाणी यायचं. अभ्यासक्रमात होतं, की रुग्ण निराशेने सहकार्य नाकारतो, तेव्हा थोडा विश्राम घ्या. थोडा थांबून मी पुन्हा सुरू करायचो.

असे दिवस गेले. रात्री झोप लागायची नाही. मला माहीत होतं, हे मला जमणार नाही. पण न जमून चालणार नव्हतं.

सुलूची मैत्रीण प्रेमला एका दुपारी पपई घेऊन आली. ती आणि सुलू दोघी घिवलीच्या, एकाच आळीतल्या, आणि दोघी लग्न होऊन चिंचणीत आल्या. ती मागच्या दाराने आली आणि खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकत होती ते मला कळलंच नाही.

"काय वो भावोजी," ती आत येत म्हणाली, "लोकं रामाचा जप करतात. तुमी सोताच्याच नावाचा लावलाय?"

मी सुलूचा हात सोडला. कान तापले. "तिला बोलायला शिकवतोय," मी म्हणालो.

"काय बोलायला?"

"हाक मारायला. मला."

"नावानं?"

"नावानंच सुरुवात करायची असते. तसं शास्त्र आहे."

प्रेमला हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत खालीच बसली. सुलूकडे वळून म्हणाली, "काय गं, आयकलंस? नवऱ्याचं नाव घे म्हणतात, ते पण ताल धरून. लग्नात उखाणा घ्यायला आमी हिला चिमटे काढून काढून दमलो. तवा कुठं भिंतीकडं तोंड करून कायतरी पुटपुटली. आन आता तुमच्या तोंडावर तुमचं नाव घेईल? ती? मुकी झाली तरी सुलूच हाय ती, दुसरी बाई नाय झाली."

सुलूचा चेहरा एका बाजूने हलला. ते हसू असावं.

"मग कशी हाक मारायची ती मला?" मी विचारलं.

प्रेमलाचं हसू थांबलं. "ते तुमाला म्हायती नाय?"

ती गेल्यावर मी खिडकी उघडली आणि बसून राहिलो. सुलूने माझं नाव घेतलेलं मी खरंच कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका घेत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? गावातलं कोणीही शेंबडं पोर सांगेल. पण धड्यात लिहिलं होतं, म्हणून मी या घरात राहून धड्यावर विश्वास ठेवला. मी ज्याला आजाराची निराशा समजत होतो ती तिची लाज होती. आणि माझ्या हट्टाने मी मोलाचे दिवस तिला गप्प बसायचाच सराव दिला होता.

ती "अवो" म्हणायची. आठवायला मला संध्याकाळ झाली. विहिरीजवळून म्हणायची, स्वयंपाकघरातून म्हणायची. "अवो, आयकलात काय?" आणि बहुतेक वेळा मी ऐकलेलं नसायचं.

मग मी तिच्यासमोर बसून "अवो" म्हणू लागलो. सोपा शब्द, नुसतं तोंड उघडायचं. पण आता तिला माझं समोर बसणंच नको झालं होतं. मी हात धरला की ती तो सोडवून घ्यायची. शनिवारच्या वर्गात मी चिन्ह दाबलं आणि या खेपेला खाली केलं नाही. बाईंनी नाव घेतलं. मी सांगायला लागलो आणि इतका अडखळलो, की त्या प्रेमाने म्हणाल्या, "काका, पेशंट स्वतःच बोलतायत हे फार छान आहे." मी बरं म्हणालो आणि फोन बंद केला.

रविवारी ललित आणि रूपल आले. रूपल माझी सून. तिने येतानाच एक रिकामी बॅग आणली होती. ती आत जाऊन कपाटातून सुलूच्या साड्या काढू लागली.

"आई," ललित पलंगाशी बसला, "बाबांना हाक मार बघू."

सुलूने त्याच्या गालाला हात लावला.

"मला नाही, बाबांना. ते बघ, ते उभे आहेत. मार हाक."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा उभा होतो, खरं तर परीक्षा तिची होती. ललितने आणखी दोनदा सांगितलं. मग त्याचाच आवाज बसला.

"ललित," मी म्हणालो, "मी समोर उभा असताना ती मला कशाला हाक मारील? मी मागे चिकूच्या वाडीत जातो."

"त्याने काय होणार, बाबा?"

"माहीत नाही. जातो मी."

हे कुठल्या धड्यात नव्हतं, म्हणून त्याचा भरवसाही नव्हता. मी मागच्या दाराने गेलो, विहिरीच्या पलीकडे चिकूखाली घराकडे पाठ करून बसलो. किनाऱ्याकडून वारा येत होता, सुरूची झाडं घुमत होती. रस्त्यावर कोणाचा तरी टेम्पो मागे घेताना पिपाणीसारखा वाजत होता. मी कान देऊन बसलो. एरवी असं बसायची मला सवय नाही. मी नेहमी काहीतरी वाचत बसतो.

आणि मग मला ऐकू आलं. अर्धंच. पहिलं अक्षर वाऱ्यात गेलं असावं. "...वो."

मी धावतच आत आलो. सुलू पलंगावर तशीच होती, मागच्या दाराकडे बघत. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ललित बाहेर गाडीजवळ फोनवर बोलत होता.

"हाक मारलीस?" मी विचारलं.

तिने काहीच केलं नाही. मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत.

ललित आला. "हाक मारली तिने," मी म्हणालो.

"काय म्हणाली?"

"अवो."

"रूपल, तू ऐकलंस?"

रूपल साडीची घडी हातात घेऊन दारात आली. "मी कपाटात डोकं घालून होते. कसला तरी आवाज आला, बाबा. पण कावळाही असेल. खोटं कशाला सांगू."

"बाबा," ललित हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला नक्की ऐकू आलं?"

हा प्रश्न मला जन्मभर लोकांनी विचारला आहे आणि जन्मभर मी म्हणत आलो आहे, की नाही, चूक माझीच असेल. आताही तेच तोंडाशी आलं. कावळा असू शकत होता. तो टेम्पोही असू शकत होता. मला ऐकायचं होतं म्हणूनही ऐकू आलं असेल.

"आलं," मी म्हणालो.

"मग माझ्यासमोर एकदा म्हणू दे."

"समोर नाही म्हणणार ती."

ललितने कपाळ चोळलं. "ती न्हाणीत पडली होती तेव्हाही आवाज केलाच असेल ना हो तिने? तेव्हा ऐकलंत का?"

त्याला ते बोलायचं नसावं. बोलून तो खाली पाहू लागला. रूपल साडी घेऊन आत गेली. मी पलंगाच्या दांड्याला धरून उभा राहिलो.

"अंधार पडेपर्यंत थांब," मी म्हणालो. "मी परत मागे जाऊन बसतो. तू इथं दाराआड बस. तिला काही सांगू नको, काही विचारू नको."

"आणि नाही मारली तर?"

"तर घेऊन जा."

हे शब्द माझ्या तोंडून गेले तेव्हा सुलूने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

मी चिकूखाली जाऊन बसलो. फोन आत ठेवून आलो होतो. ऊन विहिरीच्या कठड्यावरून सरकत भिंतीवर गेलं. कावळे आले. प्रत्येक वेळी मी श्वास रोखला आणि प्रत्येक वेळी कावळाच निघाला. शेजारी कोणीतरी टीव्ही लावला. मनात मी तिला सांगत होतो, तुला पाणी हवं असेल, उशी सरकली असेल, काहीही असेल, मला बोलाव. तू बोलावलंस आणि मी आलो नाही असं पुष्कळदा झालं, आज येतो.

वारा पडला. सुरूची घुम थांबली आणि घरातलं सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. रूपलचं पातेलं, बॅगेची चेन, ललितचं खोकणं. फक्त ते एक सोडून.

मागचं दार वाजलं. वाळक्या पानांवर ललितची पावलं आली आणि माझ्या मागे थांबली. काळोख अजून पूर्ण झाला नव्हता.

"बाबा," तो म्हणाला.

मी वळलो नाही.

"बाबा, निघायला..."

"गप्प बस, ललित," मी म्हणालो. "तू बोललास तर मला ऐकू येणार नाही."