ॲम्बेसडरचं नाक

पेट्रोल महागलं म्हणून एका वकिलानं विकायला काढलेली जुनी ॲम्बेसडर आमच्या ह्यांनी घेतली, तेव्हा घरात खूश होते ती मी एकटीच. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अत्तींनी, तोंड फिरवलं. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि अक्कलकोटची धाकटी बहीण शिवबाई 'ये, ये' म्हणून थकली होती. तरी ह्या गाडीत बसायचं नाही, हा हट्ट तो हट्टच. शेवटी अट घालून तयार झाल्या.

"बसते मी. पण वाटंत बंद पडली, तर तिला आपल्या घरात नांदायचं न्हाय, असं समजायचं. उद्याच परत करायची."

निघताना पूजा त्यांनीच केली. पाण्यात कालवलेल्या विभूतीची तीन बोटं बॉनेटवर ओढली आणि मागं जाऊन पेट्रोलच्या झाकणावर चांगला जाड थर दिला. "हितनंच पिती की ती," म्हणाल्या.

अक्कलकोटच्या वाटेवर, वळसंगच्या अलीकडे गाडी आचके देत बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, सुरू काही होईना. जरा थांबलो तर झाली सुरू. थोडं अंतर गेली आणि पुन्हा तेच. मागच्या सीटवर अत्ती 'बघितलं?' असा चेहरा करून बसलेल्या. मला तर रडूच यायला लागलं.

ह्यांनी बाह्या सरसावल्या. प्लग काढून बघितला, ठिणगी चांगली पडत होती. कार्बुरेटरकडे येणारी नळी सोडली, तर पेट्रोलचा थेंब नाही. "टाकी तर सकाळी भरलीय," असं पुटपुटत मागं गेले आणि झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात विभूती वाळून घट्ट बसली होती. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल पुढं येईना.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आता हे अत्तींना सांगणार कोण?

"काय झालंय रे मल्लप्पा?"

"काय न्हाय अव्वा. जरा कचरा अडकलाय."

अत्ती गुडघे धरत खाली उतरल्या. ह्यांच्या हातातलं झाकण घेतलं आणि कडाडल्या, "ह्यो कचरा व्हय? माझी विभूती हाय ती!"

ह्यांची मान खाली गेली. अत्ती झाकण निरखत होत्या.

"हे भोक कशाला असतंय?"

"हवा घ्यायला, अव्वा."

मग बांगडीत अडकवलेली पिन काढून त्यांनी स्वतःच भोक कोरलं, फुंकर मारली आणि पदरानं झाकण पुसलं. "अय्यो शिवा, पोरीचं नाकच बुजवलं की मी."

नळी जोडली, झाकण लावलं, आणि इंजिन एका दमात सुरू झालं. अत्ती आत बसल्या, पुढच्या सीटची पाठ थोपटत हळूच म्हणाल्या, "तुजं काय बी चुकलं न्हाय गं. चूक माजीच. नांद आता सुखानं."

इतक्या वर्षांत 'चूक माझी' हे शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. सांगत होत्या गाडीला, पण घरातली थोरली सून म्हणून त्यातला निम्मा वाटा मी गुपचूप माझ्याकडे घेतला.